खाली ठेवणे

ग्रिम्सबी. गुरुवार, संध्याकाळचे सात.
कपडे धुण्याच्या दुकानावरची खोली;
खालची यंत्रं फिरू लागली
की फरशी तळपायांना गुदगुल्या करते.

हिलरी बाई फळ्यावर एकच शब्द लिहितात : पुट.
म्हणतात, हा तर येतोच तुम्हाला.
येतो. मासळीच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी शिकवला होता,
बर्फ इथे पुट, हॅडॉक तिथे पुट.
गरीब शब्द. कुणाच्याही हाताखाली राबणारा.

मग बाई त्याच्या शेपटीला
एकेक चिमुकला शब्द बांधत जातात
आणि तो आम्हाला ओळख दाखवेनासा होतो.

पुट ऑन : कोट अंगात घालणे.
वजन वाढणे हेही तेच, आणि सोंग आणणे हेही.
पुट आउट : आग विझवणे,
रात्री मांजराला दाराबाहेर काढणे.
"मांजर विझवायचं?" रोझहात विचारतो,
केस कापणारा माणूस, हातवारे कात्रीसारखे.
पुट ऑफ : आजचं उद्यावर ढकलणे.
हे मला उदाहरणाशिवाय कळलं.
माझ्या अर्जाचं चार वर्षं तेच चाललंय.
पुट अप : कुणाला रात्रीपुरतं घरी ठेवून घेणे.
त्याच्यापुढे विथ लावलं की निमूट सोसणे.
"पाहुणा आठवडाभर राहिला की आपोआप विथ लागतं,"
फारीबा म्हणाली, आणि बाईसुद्धा
खडू खाली पडेपर्यंत हसल्या.

पुट डाउन : फोन ठेवणे. मूल कडेवरून उतरवणे.
चारचौघांत एखाद्याचा पाणउतारा करणे.
आणि, फळ्याकडे तोंड करूनच,
आजारी जनावराला सुई देऊन कायमचं झोपवणे.

डाइवा माझ्या पुढच्या बाकावर बसते.
तिची मान लिहिताना हलते. ती हलायची थांबली.
"कुत्र्याला पण?"
"हो. बहुतेक वेळा कुत्र्यालाच."

रुडिस.
क्लायपेडाहून व्हॅनमध्ये, तिच्या पावलांवर हनुवटी टेकून आलेला.
फेब्रुवारीत फोन आला तेव्हा ती पट्ट्यावर उभी होती,
एका हातातला रबरी मोजा दातांनी ओढून काढलेला,
भोवती यंत्रांचा गोंगाट.
दवाखान्यातली मुलगी म्हणाली, पुट हिम डाउन, चालेल ना?
डाइवाला दिसलं स्टीलचं उंच टेबल
आणि त्यावर लटपटणारे चार म्हातारे पाय.
हो, हो, प्लीज, ती म्हणाली, लगेच,
त्याला उंचावर भीती वाटते.

पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही.
मग, तुम्ही फार समजूतदार आहात, असं काहीतरी.

संध्याकाळी तिला पाकिटात गळपट्टा मिळाला.
तिला वाटलं, म्हाताऱ्याचं हृदय आपसूक थांबलं.
माझा कुत्रा वारला :
वर्गातलं तिचं पहिलं बिनचूक इंग्रजी वाक्य.
आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

बाईंनी डस्टर उचललं. "पुसू का?"
"नको. माझं लिहायचं राहिलंय."
तिने लिहिलं. समोरच्या रकान्यात, जिथे ती
आपल्या भाषेतला अर्थ लिहिते,
काहीच लिहिलं नाही.
मी मागून पाहत होतो. पाहायला नको होतं.

बसथांब्यावर वारा समुद्राकडचा.
डाइवाच्या हातात बटाट्यांची पिशवी,
बोटांवर बंदांचे पांढरे वळ.
बाकावरची एक आजी म्हणाली,
अगं पुट इट डाउन, लव्ह,
बसला अजून वीस मिनिटं आहेत.

डाइवाने मान हलवली, थँक्यू म्हणाली,
आणि पिशवी छातीशी घेतली.

मला काही सुचेना. या भाषेत नाही, तिग्रिन्यातही नाही.
मी पिशवीचा एक बंद धरला.
बस उशिराच आली.